घरांतील ढेकूण आणि त्यांचा बंदोबस्त

शेतकीच्या मासिकांत ढेकणांवर लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. भातावरील खोडकिडा, आंब्यावरील तुडतुडे, वालावरील मावा यांविषयीं लिहिलें तर तें या पानांस शोभतें. ढेकूण हा पिकाचा शत्रु नव्हे, तो बिछान्याचा. परंतु दिवसभर चिखलांत लावणी करून आलेल्या मनुष्याची झोंप गेली म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या कामांत किती तूट येते, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा. शिवाय हा विषय घेण्यास याहूनहि निकडीचें एक कारण आहे. शेतकऱ्याच्या घरांत पिकावरचें आणि धान्यावरचें विष हाताशीं असतें. ढेकणांनीं त्रासलेला मनुष्य एखादे रात्रीं तें विष बिछान्याकडे वळवितो, आणि मग जें होऊं नये तें होतें. त्या प्रकाराविषयीं पुढें सविस्तर लिहिणार आहों.

आमच्या पनवेल तालुक्याची स्थिति गेल्या पन्नास वर्षांत फार पालटली. पनवेल हें मुळचें वाहतुकीचें गांव. खाडीवर बंदर, वर घाटाची वाट, आणि गाड्यांचीं चाकें बनविण्याचा येथील धंदा तर इतका नांवाजलेला कीं जुन्या जिल्हा गॅझेटियरांत त्याची नोंद झाली. पुढें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, भातखाचरांच्या जागीं वसाहती उठल्या, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. ज्यांची जमीन थोडी उरली त्यांनीं घराशेजारीं चार खोल्या बांधून भाड्यानें दिल्या. भाडेकरी येतो आणि जातो. त्याच्याबरोबर वळकटी, लांकडी पलंग, कोठूनशी स्वस्तांत घेतलेली जुनी गादी, ट्रंका, पेट्या हें सर्व येतें. ढेकणास पंख नाहींत. तो उडत नाहीं, पिसवेसारखी उडी मारीत नाहीं, आणि आपल्या पायांनीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जात नाहीं. त्यास मनुष्यच वाहून नेतो. म्हणून ज्या गांवीं सामानाची उलाढाल फार, त्या गांवीं ढेकूणहि फार, हें उघड आहे. यांत कोणाच्या जातीचा, प्रांताचा किंवा गरिबीचा दोष काढण्याचें कारण नाहीं. आलिशान हॉटेलांच्या गाद्यांतहि ढेकूण सांपडतात, आणि विलायतेंत व अमेरिकेंत, जेथें तो जवळजवळ नाहींसा झाला होता, तेथें गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तो पुन्हां बोकाळला आहे.

आतां हा प्राणी कसा आहे तें पाहूं. कारण शत्रूचा दिनक्रम ठाऊक असल्याशिवाय त्याचा बंदोबस्त होत नाहीं. मनुष्याच्या घरांत राहणाऱ्या ढेकणाच्या मुख्य जाती दोन. एक थंड मुलुखांतील व दुसरी उष्ण मुलुखांतील. कोंकणासारख्या दमट व उष्ण प्रांतांत दुसरीचेंच प्राबल्य. पुरा वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस तपकिरी रंगाचा असतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट व काळसर तांबडा होतो. त्यास पाय सहा. गुरांच्या गोचिडीस आठ असतात, तेव्हां गोठ्याजवळ निजणाऱ्यांनीं दोहोंची गफलत करूं नये. अंडें खसखशीच्या दाण्याएवढें, पांढरट, आणि लांकडाच्या खाचेंत किंवा कापडाच्या शिवणींत चिकटविलेलें असतें. झाडून किंवा झटकून तें सुटत नाहीं. मादी दिवसास दोन-तीन अंडीं घालते, व तिच्या आयुष्यांत हीं शंभरांवर सहज जातात. आपल्याकडील उष्णतेंत आठ-दहा दिवसांत अंडीं फुटून पिलें निघतात. पिलूं पांच वेळां कात टाकतें, आणि प्रत्येक वेळीं कात टाकण्यापूर्वीं त्यास एकदां पोटभर रक्त मिळावें लागतें. याप्रमाणें अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारें पांच-सहा आठवडे लागतात. नर व मादी दोघेंहि चावतात. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें सर्व योजना त्यावरच उभी आहे.

दिवसा हा दडून असतो व रात्रीं, विशेषतः उत्तररात्रीं, बाहेर पडतो. निजलेल्या मनुष्याच्या अंगाची ऊब आणि त्याचा उच्छ्वास यांवरून त्यास भक्ष्याचा सुगावा लागतो. पांच-दहा मिनिटांत पोट भरून तो परत आपल्या फटींत जातो, आणि मनुष्यास खाज सुटून जाग येते तोंपर्यंत त्याचा पत्ता नसतो. पंचतंत्रांत एक कथा आहे. राजाच्या शय्येंत एक ऊ फार दिवस सुखानें राहत होती. तिच्याकडे एक ढेकूण पाहुणा म्हणून आला, त्यानें उतावळेपणानें राजास दंश केला, व सेवकांनीं दिवा आणून शोध केला तेव्हां ढेकूण पलंगाच्या फटींत शिरून बचावला आणि वस्त्राच्या शिवणींत सांपडलेली ऊ मात्र प्राणास मुकली. कथाकाराचें तात्पर्य पाहुण्याविषयींचें आहे. आम्हांस मात्र त्यांत सेवकांची चूक दिसते: त्यांनीं चादर पाहिली, पलंग उलटा केला नाहीं. आजहि बहुतेक घरीं हेंच चालतें. चादरी रोज धुतल्या जातात आणि पलंगाचे सांधे वर्षांतून एकदांहि उघडले जात नाहींत. एका संस्कृत सुभाषितकारानें तर थट्टेनें म्हटलें आहे कीं विष्णु क्षीरसागरांत व शंकर हिमालयावर जाऊन निजतो तो ढेकणांच्याच भीतीनें. देवांस ती सोय आहे. खातेदारास घर सोडून जातां येत नाहीं.

आणि गेल्यानेंहि काम होत नाहीं. कित्येकांचा असा समज असतो कीं खोली महिना-दोन महिने बंद ठेवली म्हणजे ढेकूण उपाशीं मरतात. ढेकूण कित्येक महिने अन्नावांचून काढूं शकतो. थंड हवेंत तर याहूनहि अधिक. भाताची कापणी-झोडणी होईपर्यंत शेतावरच्या खोपटांत राहून परत आलेल्या मंडळींस पहिल्याच रात्रीं याचा अनुभव येतो. तसेंच एका खोलींत त्रास होतो म्हणून दुसऱ्या खोलींत जाऊन निजणें हेंहि चूक. त्यायोगें एका खोलीचे ढेकूण दोन खोल्यांत होतात.

यांच्यापासून रोग होतो कीं काय, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. काळा आजार या तापाचा प्रसार ढेकूण करीत असावेत असें मत मद्रासकडे कॅप्टन पॅटन या डॉक्टरानें १९०७ सालीं मांडलें होतें, आणि त्यावर पुष्कळ वर्षें प्रयोग चालले. शेवटीं तो प्रसार वाळूमाशी करते हें ठरलें. १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडर्सन यांच्या प्रयोगांनीं त्यावर शिक्कामोर्तब झालें. त्यानंतर ढेकणांवर इतर रोगांचेहि आरोप झाले, परंतु घरांतल्या ढेकणांच्या चावण्यानें मनुष्यास अमुक रोग जडतो असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. मात्र म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाहीं. १९६२ सालीं वेंकटाचलम व बेलवाडी या आपल्या देशांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं ज्या घरीं ढेकूण अतोनात झालेले असतात, तेथील तान्ह्या व लहान मुलांच्या अंगांतील रक्त, आणि त्याबरोबर लोह, इतकें जाऊं शकतें कीं त्यायोगें पांडुरोगास हातभार लागावा. ज्या बाळाचा आहार आधींच अपुरा, त्यास हा तोटा लहान नव्हे. खाजवून झालेल्या जखमा चिघळतात. आणि झोंपेचें काय, तें आरंभींच सांगितलें.

एकदां तर ढेकूण कायमचा गेला असें सर्वांस वाटलें होतें. डी. डी. टी. या पावडरीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनीं १९३९ सालीं ओळखला व त्याबद्दल त्यांस १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या मुंबई इलाख्यांत १९४६ पासून डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालीं कानडा व धारवाड जिल्ह्यांत हिंवतापासाठीं घरांच्या भिंतींवर ती फवारण्यास आरंभ झाला. १९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण योजना आली आणि फवारणी देशभर गेली. फवारणी डासांसाठीं होती, पण घरधन्यास आनंद झाला तो ढेकूण मेल्याचा. जुनीं माणसें अजूनहि सांगतात कीं पहिल्या फवारणीनंतर केरसुणीनें ढेकूण लोटावे लागले. परंतु हा आनंद टिकला नाहीं. हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथें १९४७ सालींच डी. डी. टी. नें न मरणारे ढेकूण आढळले होते, आणि पुढील दशकांत मुंबई राज्यांतहि तोच प्रकार दिसला. घडलें असें: शंभरांतील पंचाण्णव मेले, जे पांच उरले ते त्या विषास न जुमानणारे होते, आणि पुढील सगळी प्रजा त्या पांचांची झाली. मग गांवकरी फवारणीवाल्यांस दारांतूनच परत पाठवूं लागले. तुमच्या औषधानें ढेकूण वाढले, असें ते म्हणत. हल्लींच्या पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांसहि ढेकूण जगभर दाद देईनासे झाले आहेत. पिकावर एकच औषध वर्षानुवर्षें मारून कीड कशी निबर होते हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. खाटेंतहि तोच न्याय.

असो. आतां ज्याचा उल्लेख आरंभीं केला तो प्रकार. तालुक्यांतील एका गांवीं एका खातेदाराच्या घरीं निजण्याच्या दोन खोल्या, मध्यें केवळ फळ्यांची भिंत. भाताच्या कोठींत ठेवण्यासाठीं आणलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपैकीं तीन गोळ्या त्याच्या मुलानें संध्याकाळीं एका खोलींत पलंगाखालीं ठेवल्या, दार लावून घेतलें, आणि सर्व मंडळी शेजारच्या खोलींत निजली. श्रावणाचे दिवस, हवा ओलसर. पहाटे थोरल्या नातीस ओकाऱ्या सुरू झाल्या, पाठोपाठ धाकट्या नातवास. रात्रीच्या जेवणांत कांहीं बाधलें असें घरच्यांनीं मानलें व ओवा-साखर देत दोन तास घालविले. मग आजोबांस गोळ्यांची आठवण झाली, आणि इस्पितळांत गेल्याबरोबर डॉक्टरांस पहिली गोष्ट ती सांगितली गेली. मुलगी चौथ्या दिवशीं घरीं आली. मुलास अतिदक्षता विभागांत नऊ दिवस काढावे लागले. दोघेंहि वांचलीं. आम्ही समाचारास गेलों तेव्हां अंगणांत काढून टाकलेला तो पलंग उलटा करून पाहिला, तों खाचेंतून तिळाहून बारीक पिलें फिरत होतीं.

या गोळ्यांस हवेंतील ओल लागली कीं त्यांतून फॉस्फिन नांवाचा वायु निघतो. तो फळ्यांच्या फटींतून, दाराखालून, नळाच्या भोंकांतून शेजारच्या खोलींत व शेजारच्या बिऱ्हाडांत जातो. कधीं लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, कधीं येत नाहीं. वास नाहीं म्हणून वायु नाहीं असें समजूं नये. त्यानें हृदयाची क्रिया बिघडते, आणि या विषावर उतारा नाहीं. डॉक्टर शरीरास आधार देऊं शकतात, विष उतरवूं शकत नाहींत. वृत्तपत्रांत अशा बातम्या वरचेवर येतात, आणि त्यांतील मुलें पुष्कळदां वांचलेलीं नसतात. या गोळ्या वाटेल त्यास विकण्यास कायद्याची मनाई आहे. सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक कीडनियंत्रक यांनींच तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं त्या वापरावयाच्या. असें असतां त्या मिळतात, हें आपण सर्व जाणतों. ज्यांच्या घरीं त्या असतील त्यांनीं निजण्याच्या घरांत एक क्षणहि ठेवूं नयेत. एवढा एक परिच्छेद वाचून कोणी बाकीचा लेख टाकून दिला तरी आमची हरकत नाहीं.

फवारणीच्या औषधांचीहि हीच गोष्ट. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तीं माणसें उघड्या रानांत होतीं. तेंच औषध बंद खोलींत, गादीवर, जेथें मूल आठ तास तोंड खुपसून निजतें, तेथें शिंपडण्याचें धाडस कसें होतें याचें आम्हांस नवल वाटतें. डायक्लोरव्हॉस हें औषध वर्षानुवर्षें घरोघर ढेकणांवर वापरलें जाई. केंद्र सरकारनें २०१८ च्या आदेशानें ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. कोनाड्यांत जुनी बाटली उरली असेल तर ती वापरूं नये. घासलेट ओतण्याची जुनी चाल आगीस आमंत्रण देणारी आहे, आणि त्यानें अंडीं मरतात असा भरंवसा नाहीं.

मग करावें काय? आमचे मतें ढेकणावर सर्वांत स्वस्त, सर्वांत जुनें आणि आजवर निष्फळ न झालेलें शस्त्र उष्णता हें आहे. उष्णतेस निबर झालेली ढेकणांची प्रजा निर्माण झालेली नाहीं. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थंड मुलुखांतील जातीचे प्रौढ ढेकूण ४५ अंश सेल्सियस उष्णतेंत सुमारें ९५ मिनिटांत मेले. अंड्यांस मात्र तेवढ्याच उष्णतेंत सात तास लागले, आणि ४८ अंशांत सुमारें ७२ मिनिटें पुरलीं. कढत पाणी याच्या कितीतरी वर असतें. तें अंगावर पडलें कीं ढेकूण व अंडें दोन्हीं तत्काळ जातात. म्हणून एक उघडीपीचा दिवस ठरवावा, अंगणांत चूल मांडून मोठ्या हंड्यांत पाणी चढवावें, आणि पलंग जागच्या जागीं न ठेवतां बाहेर आणून त्याचे सर्व सांधे उकलावे. खिळे, पाचरी, बिजागऱ्या काढाव्या. बाज असेल तर सुंभ पूर्ण उसवून कढत पाण्यांत बुडवावें. नवार असेल तर ती चुलीवर उकळावी. लांकडाच्या प्रत्येक भोंकांत व खाचेंत किटलीच्या तोटीनें कढत पाणी ओतावें. नुसतें वरून शिंतोडे उडविण्यानें कांहींएक होत नाहीं. पाणी खाचेच्या तळाशीं कढतच पोहोंचलें पाहिजे. हें काम दोन माणसांचें व एका दुपारचें आहे. लहान मुलांस त्या वेळीं लांब ठेवावें.

चादरी, उशांचे अभ्रे, मच्छरदाणी उकळून घ्यावी. गोधड्या जाड असतात, तरी त्याहि उकळत्या पाण्यांत पूर्ण बुडवून एक घटका ठेवाव्या. कापसाच्या गादीचें काम खरें कठीण. ती उन्हांत टाकण्याची चाल सर्वत्र आहे, पण त्यानें होतें असें कीं वरची बाजू तापली म्हणजे ढेकूण खालच्या थंड बाजूस जातात आणि संध्याकाळीं गादीबरोबरच घरांत परत येतात. गादी टाकावयाचीच तर चैत्र-वैशाखांत, तापलेल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर, काळ्या प्लास्टिकच्या कापडांत हवा न जाईल अशी गुंडाळून टाकावी, दुपारीं उलटावी, आणि असें लागोपाठ तीन-चार दिवस करावें. जिच्यांत ढेकूण फारच झाले असतील ती गादी उसवून कापूस पिंजून घेणें व खोळ उकळणें हाच मार्ग. काथ्याची जुनी गादी असेल तर ती जाळावी हें बरें. रस्त्याच्या कडेस मात्र टाकूं नये, कारण ती दुसरा कोणी उचलून नेतो.

आतां हिशेब. पहिल्या दिवशींच्या कढत पाण्यानें समजा बहुतेक प्रौढ व अंडीं गेलीं. पण कांहीं अंडीं सुटणारच. तीं आठ-दहा दिवसांत फुटतील. म्हणून बाराव्या दिवशीं पुन्हां तेंच सर्व काम करावें, व चोविसाव्या दिवशीं तिसऱ्यांदा. पहिल्या दिवसानंतर निघालेलें पिलूं चोविसाव्या दिवसापर्यंत अंडीं घालण्याजोगें होत नाहीं. तेव्हां या मुदतींत तें मारलें म्हणजे त्याचा वंश पुढें चालत नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्यांत गेलें, म्हणून त्याच भाषेंत सांगतों: वारसनोंद होण्यापूर्वीं खातें बंद केलें पाहिजे. बहुतेक लोक पहिल्या दिवशीं जोरांत काम करतात, चार रात्री सुखाची झोंप येते, आणि बारावा दिवस विसरतात. दीड महिन्यानें पुन्हां जैसे थे. मग औषध खोटें, उपाय खोटा, असें म्हणत बसतात. पंचेचाळिसाव्या दिवशीं दिवा घेऊन सर्व सांधे पाहावे. काळे ठिपके म्हणजे ढेकणाची विष्ठा, पारदर्शक पिंवळट सालें म्हणजे टाकलेली कात. पहिल्या दिवशीं हे डाग पुसून काढले असतील तरच नवे ओळखूं येतात. एखादा प्रौढ निसटून राहिला असेल तर तो येथें सांपडतो, आणि तसा सांपडल्यास मोजणी पुन्हां पहिल्या दिवसापासून धरावी.

पलंगाइतकेंच भिंतीकडे पाहिलें पाहिजे. तालुक्यांतील वाड्या-पाड्यांत अजून कारवीचे कूड आहेत. त्यांवरील शेणामातीचा गिलावा सुटला कीं कारवीच्या काठ्यांमधली पोकळी ढेकणांस आयती मिळते. अशा भिंती पावसापूर्वीं खरवडून, भेगा भरून, नव्यानें लिंपाव्या. पक्क्या घरांत दाराच्या चौकटी व भिंत यांमधील फट, विजेच्या बटणांच्या पेट्या, देवादिकांच्या तसबिरींची मागची बाजू, सैल झालेल्या फरशा हीं दडण्याचीं ठिकाणें. फटी चुना-सिमेंटनें बुजवाव्या; विजेच्या पेटींत पाणी मुळींच जाऊं देऊं नये. उष्ण प्रदेशांतील ढेकूण कोंबड्यांच्या व वटवाघळांच्या रक्तावरहि जगतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. निजण्याच्या भिंतीस लागून खुराडें असेल तर तें दूर न्यावें, व ज्या दिवशीं पलंग धुतला त्याच दिवशीं खुराड्याच्या फळ्याहि कढत पाण्यानें धुवाव्या.

खाटेच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. हल्लीं गुळगुळीत प्लास्टिकच्या कोरड्या वाट्या विकावयास येतात. ढेकूण त्यांत पडतो आणि चढूं शकत नाहीं, अशी त्यांची ख्याति. थंड मुलुखांतील जातीपुरतें हें खरें आहे. परंतु आपल्याकडील जातीचे पाय अधिक चिकट, व ती गुळगुळीत भिंतहि चढून जाते, असें २०१७ सालच्या संशोधनांत दिसून आलें. म्हणून येथें कोरडी वाटी उपयोगी नाहीं. पाणी व त्यांत थोडा साबण घालावा, आणि दर तिसऱ्या दिवशीं तें बदलावें, नाहींतर ढेकणांऐवजीं डेंग्यूचे डास पाळल्यासारखें होईल. खाट भिंतीपासून वीतभर सरकवावी, चादर व मच्छरदाणी जमिनीस टेकूं देऊं नये. हें सर्व केल्यावर त्याच खाटेवर निजावें. माणूस तेथें असला म्हणजेच ढेकूण त्या वाटेनें येतो.

झाडपाल्याविषयीं दोन शब्द. युरोपांत बाल्कन मुलुखांत घेवड्याचीं पानें रात्रीं जमिनीवर पसरीत व सकाळीं ढेकणांसह जाळीत. २०१३ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शकानें पाहून दाखविलें कीं त्या पानांवर बारीक वाकडे कांटे असतात व ते ढेकणाच्या पायांत रुततात. तो घेवडा, आपला वाल नव्हे. तेव्हां वालाचीं पानें पसरून वाट पाहत बसूं नये. निर्गुडीचा पाला गादीखालीं ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, वेखंडाचीहि आहे. ठेवण्यास हरकत नाहीं, पण त्यावर विसंबून कढत पाणी टाळूं नये.

एक गोष्ट राहिली, आणि आमच्या समजुतीनें तीच सर्वांत अवघड आहे. ढेकूण झाले हें सांगण्याची लाज वाटते. पाहुण्यांस कळेल, सोयरीक मोडेल, भाडेकरी मिळणार नाहीं, या भयानें घरमालक गप्प बसतो. भाडेकरी मालक बाहेर काढील म्हणून गप्प बसतो. चार खोल्यांची ओळ असेल व त्यांतील एकाच खोलीवाल्यानें बंदोबस्त केला, तर ढेकूण शेजाऱ्याकडून पुन्हां येतात. आम्हीं नोकरींत असतांना एका कचेरींत वेताच्या खुर्च्यांत इतके ढेकूण झाले होते कीं आलेले खातेदार उभ्यानेंच अर्ज देत. पण लेखी कळविण्यास कोणी तयार नव्हतें, आणि दरम्यान आम्ही कारकून मंडळी आपापल्या पिशव्यांतून तो ठेवा घरोघर पोहोंचवीत होतों. ज्यांनीं खोल्या भाड्यानें दिल्या आहेत त्यांनीं स्वतः पुढाकार घ्यावा, सर्व खोल्यांसाठीं एकच दिवस ठरवावा, जळण व पाण्याचा खर्च स्वतः सोसावा, आणि बाराव्या दिवशीं पुन्हां दार ठोठवावें. भाडेकऱ्यास दम देऊन हें काम होत नाहीं.

इतकें करूनहि न आटोपल्यास कीडनियंत्रकास बोलवावें, पण त्याचा परवाना पाहून. कीटकनाशक अधिनियम १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांप्रमाणें असा परवाना लागतो. कोणतें औषध मारणार, त्याचें नांव कागदावर लिहून घ्यावें. खोलींत केव्हां परतावयाचें तें विचारावें. पुन्हां केव्हां येणार तेंहि ठरवून घ्यावें, कारण एकदां फवारून कायमची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. गाभण बाई, तान्हें मूल व दम्याचा रोगी यांस त्या रात्रीं दुसरीकडे निजवावें, मात्र जातांना त्यांच्याबरोबर घरचें अंथरूण देऊं नये.

जुना पलंग किंवा कपाट विकत घेणाऱ्यानें तें घरांत नेण्यापूर्वीं अंगणांतच उलटें करून, सांधे उघडून, कढत पाण्यानें धुवावें. वसतिगृहांतून सुटीस आलेल्या मुलाची वळकटी व परगांवाहून परतलेल्यांच्या पिशव्या पलंगावर न ठेवतां पडवींत ठेवाव्या, कपडे तेथूनच धुण्यास टाकावे, आणि पिशवीच्या शिवणी उन्हांत उलट्या करून पाहाव्या.